कोणता अर्णब आणू, साहेब?

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक, आउटपुट प्रमुख व असाइनमेंट डेस्क,
मुंबई

विषय : जिल्हा प्रतिनिधींनी बातमीत "थोडा अर्णब आणावा" या सूचनेबाबत

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात झूमवर मराठवाड्यातल्या प्रतिनिधींची बैठक झाली. कुणी कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून, कुणी गाडी रस्त्याकडेला लावून, एक जण तर पंचनामा चालू असलेल्या रानातून जॉइन झाला होता. वाहिनीचं नाव लिहीत नाही. जे ऐकलं ते थोड्याफार फरकानं सगळीकडंच ऐकायला मिळतं. तुमच्यापैकी एक साहेब म्हणाले, "तुमचे पीटूसी (कॅमेऱ्यात बघून बोलणं) फार मिळमिळीत येतात. थोडा अर्णब आणा रे त्यात! आवाज चढवा, अधिकाऱ्याला कोंडीत पकडा, उत्तर दिल्याशिवाय सोडू नका." आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले. बोलायची सोय नव्हती, सगळे म्यूटवर होतो. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर.

मी लातूर जिल्ह्यातला स्ट्रिंगर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : हातात वाहिनीचा बूम, म्हणजे नाव छापलेला माइक, असतो, पगारपत्रकावर नाव नसतं. स्टोरी लागली तर तिचे पैसे, नाही लागली तर पेट्रोल आपलं. मोबाइल आपला, ट्रायपॉड आपला, नेटचा रिचार्ज आपला. घर चालतं ते शेतीवर, बायकोच्या शिवणकामावर किंवा झेरॉक्सच्या दुकानावर. माझ्याकडं दुकान आहे.

तुम्ही अर्णब असा मागितलात, जसं जेवायला बसल्यावर भाजीत वरून तिखट मागावं. पण अर्णब गोस्वामी या माणसाची कारकीर्द तीस वर्षांची आहे आणि तिच्यात एकाहून जास्त अर्णब आहेत. नेमका कोणता पाहिजे ते कळलं तर बरं होईल.

पहिला अर्णब फारसा कुणाच्या लक्षात नाही. आसामातल्या गुवाहाटीचा. वडील लष्करात, त्यामुळं शाळा गावोगाव. वडिलांकडचे आजोबा वकील आणि काँग्रेसचे पुढारी, आईकडचे आजोबा गौरीशंकर भट्टाचार्य हे आसाम विधानसभेत विरोधी पक्षनेते राहिलेले कम्युनिस्ट, आणि वडील १९९८ ला गुवाहाटीतून भाजपच्या तिकिटावर लोकसभेला उभे राहून पडलेले. एका घरात तीन झेंडे. आमच्याकडच्या वाड्यांना यात नवल नाही. एक भाऊ कारखान्यावर, एक जिल्हा बँकेत, एक झेडपीत, आणि तिघांचे पक्ष वेगळे. पोरानं दिल्लीच्या हिंदू कॉलेजात समाजशास्त्र केलं, पुढं ऑक्सफर्डला सामाजिक मानवशास्त्र. कोलकात्याच्या टेलिग्राफमध्ये थोडे दिवस काढून १९९५ ला एनडीटीव्हीत आला आणि तिथं दहाएक वर्षं राहिला. त्या काळात हा माणूस आरडाओरड्यासाठी प्रसिद्ध नव्हता. बातमी करणारा, नंतर बातम्या वाचणारा, अभ्यासू म्हणून ओळखला जाणारा.

तो अर्णब पाहिजे असेल तर आम्ही एका पायावर तयार आहोत. त्याला काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे. महिन्याच्या महिन्याला पगार लागतो, सोबत कॅमेरामन लागतो, आणि एखाद्या प्रकरणाच्या मागं आठवडाभर गेला तरी "आज काय पाठवताय?" असं सकाळी सातला न विचारणारं डेस्क लागतं. ही शिडीची पहिली पायरी आहे. त्यांना ती मिळाली. आमच्याकडच्या शिडीला ती पायरीच तुम्ही ठेवलेली नाही आणि वरच्या पायरीवरचा आवाज मात्र आमच्याकडून मागता.

दुसरा अर्णब २००६ मध्ये टाइम्स नाऊ सुरू झालं तेव्हाचा. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तासन् तास तो पडद्यावर होता, तिथून त्या वाहिनीनं मागं वळून पाहिलं नाही. रात्री नऊचा 'न्यूजअवर' देशाला माहीत झाला. आपल्या मराठी चोवीस तास वाहिन्या नेमक्या त्याच काळात, २००७-०८ च्या आसपास जन्माला आल्या, आणि बाळसं धरताना समोर हाच नमुना होता. पडद्यावर आठ खिडक्या, आठ तोंडं, मधे एक अँकर.

या अर्णबची सगळी वजाबाकीच करायची असं मी म्हणत नाही. २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांचा घोटाळा आणि आदर्श सोसायटीचं प्रकरण टाइम्स नाऊनं इतर माध्यमांबरोबर लावून धरलं. आदर्शमध्ये आमच्या नांदेडच्या अशोक चव्हाणांना त्या नोव्हेंबरात मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. सत्तेत असलेल्या माणसाला रोज रात्री प्रश्न विचारला तर काहीतरी हलतं, हे तेव्हा दिसलं होतं. (चव्हाण साहेब २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले. तेव्हा 'आदर्श'ची किती चर्चा झाली, हे तुमच्या लायब्ररीतून तुम्हीच काढून बघा.) आणि २७ जानेवारी २०१४ ची राहुल गांधींची मुलाखत घ्या. तासाभराहून जास्त चाललेली. ओरडणं नाही, मधे तोंड घालणाऱ्या सात खिडक्या नाहीत. प्रश्नाचं उत्तर आलं नाही की तोच प्रश्न पुन्हा, परत पुन्हा. समोरचा कुठं अडतोय ते बघणाऱ्याला आपोआप कळत होतं. जून २०१६ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींची मुलाखत त्यांनीच घेतली. दोन्ही शेजारी लावून बघा. दुसऱ्या मुलाखतीत प्रश्न विचारून झाला की झाला, उत्तराच्या मागं जाणं जवळपास नाही. एकाच माणसाला दोन्ही येतं, म्हणजे कोंडीत पकडणं हा स्वभावाचा भाग नव्हे. कुणाला पकडायचं हे आधी ठरलेलं असतं.

आता खर्चाचं बोलू, कारण नमुना पसरला तो त्यामुळं. तालुक्याला माणूस पाठवायचा तर गाडी, डिझेल, जेवण, राहणं आलं. आठ खिडक्यांना काही लागत नाही. प्रवक्ते फुकट येतात, आपापल्या घरी बसून येतात, भांडण स्वतःच घेऊन येतात. दोन तास भरून निघतात. जाहिराती लागतात. मी डेस्कवर असतो तर मलाही हा हिशेब पटला असता. पण या हिशेबात आमच्या जिल्ह्याचं काय होतं ते आम्ही २०१६ मध्ये बघितलंय, आणि ते जरा सविस्तर सांगतो.

त्या वर्षी मार्चमध्ये मांजरा धरण कोरडं होतं. धनेगावला जाऊन उभं राहिलं की भेगाळलेली माती दिसायची, लांबवर. लातूर शहरात नळाला पाणी कधी येईल हे लोक आठवड्यांत मोजत होते, नंतर नळ बंदच पडले. टँकरवर आणि पाण्याच्या टाक्यांवर मारामाऱ्या होतील म्हणून प्रशासनानं टाक्यांच्या परिसरात १४४ कलम लावलं. पाण्यासाठी जमावबंदी. याच्याहून मोठी बातमी एखाद्या शहराची काय असू शकते?

त्याच महिन्यात, १३ मार्चला, उदगीरला असदुद्दीन ओवैसींची सभा झाली. गळ्यावर सुरी ठेवली तरी 'भारत माता की जय' म्हणणार नाही, असं ते बोलले. झालं. तीन दिवसांनी मुंबईत विधानसभेनं एमआयएमचे आमदार वारिस पठाण यांना त्याच घोषणेवरून निलंबित केलं. देशभरच्या वाहिन्यांना उदगीर कुठं आहे ते एका रात्रीत कळलं. मला त्या आठवड्यात जेवढे फोनो (फोनवरून थेट बातमी) मागितले गेले तेवढे त्याआधी कधी मागितले नव्हते. "मैदानावर किती लोक होते? टाळ्या कधी वाजल्या? तिथल्या मुस्लिमांची प्रतिक्रिया घे, तिथल्या हिंदूंची घे." मी प्रतिक्रिया घ्यायला उदगीरच्या एका गल्लीत गेलो तर दोन्ही जण एकाच हातपंपावर रांगेत उभे. दोघांनीही पाण्याचंच सांगितलं. पाठवली ती बाईट. डेस्कवरून निरोप आला, विषयाला धरून पाठव.

मग १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. पहिल्या गाडीला दिल्ली-मुंबईच्या ओबी व्हॅन स्टेशनबाहेर उभ्या होत्या. चांगलं चित्र होतं, तुम्ही लाइव्ह दाखवलंत, त्याबद्दल तक्रार नाही. मला सांगायची आहे ती त्यानंतरची गोष्ट.

एका वस्तीत टँकर आला होता. घागरी, हंडे, पाण्याच्या कॅना, रंगाचे रिकामे डबे, सगळं नंबरात लावलेलं, कुणाचं कुठलं ते ओळखू यावं म्हणून हँडलला चिंध्या बांधलेल्या. मी बूम पुढं केला. स्टुडिओतून अँकर ताईंनी विचारलं, "पाणी आलं, आता कसं वाटतंय?" समोरच्या बाईनं पदर सावरला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी हाव तवर धा घागरी देतोय बगा ह्यो. तुमी गेलाव की दोनच देतोय. उरलेलं कुठं जातंय ते इचारा की त्याला." टँकरवाला तिथंच पाइप धरून उभा. हीच बातमी होती. पाणी येतं आणि पुढं कुठं मुरतं, टँकर कुणाचे, फेऱ्यांची नोंद कोण ठेवतं. त्या वाक्याला स्टुडिओतून एक पुढचा प्रश्न गेला असता तर तो खरा अर्णब होता, २०१४ च्या मुलाखतीतला. पण कानात आवाज आला, "थँक्यू, थँक्यू, आपण परत चर्चेकडं वळूया." चर्चा पाण्याच्या श्रेयाची होती. रेल्वे कुणामुळं आली.

टँकरच्या फेऱ्यांची स्टोरी मी नंतर केली. लॉगबुकच्या पानांचे फोटो, दोन ड्रायव्हर, एक ओव्हरसिअर. 'प्लॅनिंगला टाकलीय' असं उत्तर आलं. अजून प्लॅनिंगलाच आहे.

नंतरचे अर्णब झटपट घेतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी टाइम्स नाऊ सोडलं, ६ मे २०१७ ला स्वतःची रिपब्लिक वाहिनी आली, २०१९ मध्ये हिंदी आली. सप्टेंबर २०१९ मधल्या हिंदी वाहिनीच्या एका कार्यक्रमात पाकिस्तानी लोकांबद्दल जे बोललं गेलं, त्यासाठी ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकानं २०२० मध्ये तिथल्या परवानाधारक कंपनीला २० हजार पौंड दंड केला. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या हत्याकांडावरच्या कार्यक्रमावरून त्यांच्यावर ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले.

त्या मे महिन्यात, ८ तारखेला पहाटे, करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीनं चिरडलं. जालन्याच्या स्टील कारखान्यातले, मध्य प्रदेशला गावाकडं चालत निघालेले. रुळावर पसरलेल्या पोळ्यांचे फोटो सगळ्यांनी दाखवले. आमचे औरंगाबाद-जालन्याचे मित्र उजाडायच्या आत तिथं पोचले होते. कारखान्यात त्यांना काय मजुरी होती, कंत्राटदार कोण, गाडीचा पास मागितला होता तर का मिळाला नाही, यावर चार-सहा दिवस काम करायला ते तयार होते. जून उजाडला, सुशांतसिंह राजपूतचं प्रकरण आलं, आणि मग काही महिने तुमच्या आणि त्यांच्या वाहिन्यांत दुसरं काही शिल्लक राहिलं नाही. आम्हाला 'सुशांतवर गावकऱ्यांची प्रतिक्रिया' मागितली गेली. लातूर जिल्ह्यातल्या गावकऱ्यांची!

आता टीआरपीचं. तुम्ही नेहमी सांगता, आमचा नाइलाज आहे, गुरुवारी आकडे येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा जाहीर केला, त्यात रिपब्लिकचं नाव घेतलं. वाहिनीनं आरोप फेटाळले. पुढं ईडीनं रिपब्लिकविरुद्ध पुरावा मिळाला नसल्याचं म्हटलं, आणि २०२४ मध्ये न्यायालयाच्या परवानगीनं राज्य सरकारनं खटला मागं घेतला. म्हणून त्या आरोपावर मी काही बोलत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. देशभरातल्या सुमारे ४४ हजार घरांत बसवलेल्या मीटरांवर हे आकडे काढले जात होते, आणि त्या भानगडीनंतर ते काढणाऱ्या बार्क संस्थेनं वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले ते थेट मार्च २०२२ पर्यंत. दीड वर्षाच्या आसपास तुमच्या मानेवर गुरुवार नव्हता. त्या काळात एक तरी खिडकी कमी झाली का? एक तरी बुलेटिन जिल्ह्याला मिळालं का? मग नाइलाज नेमका कशाचा होता?

त्याच ऑक्टोबरात परतीच्या पावसानं धाराशिव, लातूर भागात सोयाबीन रानातच कुजलं. काढून लावलेल्या बनिमीला (गंजीला) आतून कोंब फुटले होते; हात घातला तर आत गरम लागायचं, आंबलेला वास यायचा. मुख्यमंत्री तुळजापूर भागात येऊन गेले, २३ ऑक्टोबरला १० हजार कोटींची मदत जाहीर झाली. ती मदत कुणाच्या खात्यावर किती आली, पंचनाम्यात कुणाचं नाव गळालं, हे बघायचे ते दिवस. ४ नोव्हेंबरला सकाळी गोस्वामींना रायगड पोलिसांनी त्यांच्या घरून उचललं, आणि दिवाळीपर्यंत मदतीचा विषय संपला.

त्या अटकेवर मी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. अन्वय नाईक या इंटिरिअर डिझायनरच्या २०१८ मधल्या आत्महत्येचं, पोलिसांनी आधी बंद केलेलं प्रकरण पुन्हा उघडून ती अटक झाली. नाईकांच्या घरच्यांना न्याय मिळायलाच पाहिजे होता, पण सरकारला न आवडणाऱ्या पत्रकाराला भल्या सकाळी उचलण्याची सवय एका सरकारला लागली की पुढच्या सरकारलाही ती मोडवत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ नोव्हेंबरला अंतरिम जामीन दिला आणि स्वातंत्र्य एक दिवसही हिरावून घेणं जास्तच आहे, अशा अर्थाचं निकालपत्रात लिहिलं. मला ते पटतं. फक्त त्या आठ दिवसांकडं जरा नीट बघा. अलिबागच्या शाळेतलं विलगीकरण, मग तळोजा तुरुंग, उच्च न्यायालयानं ९ तारखेला जामीन नाकारला, ११ ला दिल्लीत सुनावणी. बाजू मांडायला हरीश साळवे. केंद्रातले मंत्री बाजूनं ट्वीट करतायत, वाहिनीवर दिवसरात्र तोच विषय. ज्या आवाजाची तुम्ही आमच्याकडून अपेक्षा करता, त्या आवाजाच्या पाठीशी हे सगळं उभं असतं.

आमच्या पाठीशी काय असतं ते सांगतो. शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा, तुमच्यापैकीच एका वाहिनीचा बूम घेऊन फिरणारा. वाळूच्या हायवा रात्री नदीपात्रातून निघतात त्याचं शूटिंग केलं. तुमच्याच सांगण्याप्रमाणं आवाज चढवला, तलाठ्याला नि नायब तहसीलदाराला कॅमेऱ्यासमोर अडवलं. क्लिप लागली, चांगली चालली. दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच गुन्हा : सरकारी कामात अडथळा, आणि जोडीला खंडणी. पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं. आम्ही पाच-सहा जण जमलो, ठाणेदारांसमोर डेस्कला स्पीकरवर फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "तो आमचा कर्मचारी नाही. फ्रीलान्सर आहे. व्यवस्थापनाशी बोलून सांगतो." ठाणेदार आमच्याकडं बघून हसले. आठवडाभरात त्याचा बूम परत मागवला, कुरिअरचे पैसे त्यानंच भरले.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. त्यात संरक्षण आहे ते माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटावर असलेल्यांना. आमच्याकडं कंत्राटाचा चिटोराही नाही. अधिस्वीकृतीचं कार्ड मागायला गेलो की माहिती कार्यालय नेमणूकपत्र मागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशेंची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ते कोकणात, आम्ही इथं. पण ती बातमी वाचून इथल्या प्रत्येक तालुक्याच्या वार्ताहराच्या बायकोनं त्या संध्याकाळी काय विचारलं असेल, ते मी सांगायला नको.

स्टुडिओत ओरडणारा माणूस कार्यक्रम संपला की लिफ्टनं खाली उतरतो. आम्ही ज्याच्यावर ओरडलो, तो दुसऱ्या दिवशी आमच्याच हॉटेलात चहा पीत बसलेला असतो. त्याचा भाचा आमच्या पोराच्या वर्गात असतो. म्हणून आम्ही मिळमिळीत दिसतो, साहेब. प्रश्न आम्हीही विचारतो, फक्त तो पुन्हा दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी विचारता यावा अशा बेतानं विचारतो. तहसीलमधून एक कागद काढायला तीन महिने तोंड गोड ठेवावं लागतं.

तुमच्या नमुन्याचा इथं झालेला परिणाम बघायचा तर कुठल्याही तहसीलच्या आवारात सोमवारी या. छापून घेतलेला गोल बूम, यूट्यूबचं चॅनल, गळ्यात पट्टा, आणि वीस-बावीस वर्षांचं पोरगं ग्रामसेवकाच्या तोंडापुढं मोबाइल धरून ओरडतंय, "महाराष्ट्राला उत्तर पाहिजे!" प्रश्न काय आहे हे त्यालाही धड माहीत नसतं. ग्रामसेवक खिशात हात घालतो. काही पोरं तो हात नाकारतात, काही नाही. जी नाकारतात त्यांना पुढं कुणी शिकवत नाही की सातबारा कसा वाचायचा, मस्टर कसं तपासायचं, माहिती अधिकाराचं अपील कुठं करायचं. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, हे २०१९ मध्ये राज्यापुढं आलं ते कुणी आवाज चढवल्यानं आलं नाही. फडावर, खोपीत जाऊन त्या बायकांशी कुणीतरी बसून बोललं म्हणून आलं. मग विधिमंडळात प्रश्न आला, समिती नेमली गेली.

आणि सप्टेंबर २००८ मधली एक गोष्ट. टाइम्स नाऊवर एका घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायाधीशाऐवजी न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो झळकला. पंधराएक सेकंद. सावंत साहेब सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष, राहायला पुण्यात होते. दावा लावला, पुण्याच्या न्यायालयानं २०११ मध्ये १०० कोटींची भरपाई ठोठावली. अपील ऐकण्याआधी उच्च न्यायालयानं वाहिनीला २० कोटी भरायला आणि उरलेल्याची हमी द्यायला सांगितलं. एवढी रक्कम योग्य की अयोग्य, यावर वकिलांत दुमत आहे, मलाही ती अवाढव्य वाटते. पण आमच्या भागात चुकीचा फोटो लागतो तो सालगड्याचा, पारध्याच्या पोराचा, नवरा गेलेल्या बाईचा. त्यांनी पुण्याच्या कोर्टात कधी जायचं? ते माझ्या दुकानात येतात. "भाऊ, त्येवढं काढायला सांगा की टीव्हीवाल्यास्नी." मी डेस्कला मेसेज टाकतो. निळ्या खुणा येतात.

मराठवाड्याला वादग्रस्त संपादकाचं वावडं नाही. दैनिक 'मराठवाडा'चे अनंत भालेराव निजामाविरुद्ध लढलेले, आणीबाणीत तुरुंगात गेलेले. विद्यापीठाच्या नामांतराला त्यांनी विरोध केला. ती भूमिका मला आजही मान्य नाही, आणि आमच्या घरात तर त्या विषयावर अजून तावातावानं बोलणं होतं. पण ती भूमिका अग्रलेखांत आहे, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. तिला उत्तर देता येतं, ती खोडून काढता येते, आणि लोकांनी ती खोडलीही. आठ खिडक्यांतलं बोलणं कसं खोडायचं? कुणाचंच वाक्य पुरं झालेलं नसतं.

तर मागण्या. फार नाहीत. ज्यांच्या हाती तुमचा बूम आहे त्या प्रत्येकाला एक नेमणूकपत्र द्या, मानधन कितीही लिहा, पण कागद द्या. मागितलेली स्टोरी लागो न लागो, तिचे पेट्रोलचे पैसे द्या. वकिलाचा एक नंबर द्या, जो रात्री अकरालाही उचलला जाईल. मराठवाड्यावर चर्चा ठेवाल तेव्हा तिथला एक माणूस बोलवा. पुढारी नको, मंडळ कृषी अधिकारी चालेल, मुकादम चालेल, अंगणवाडी ताई चालतील. आणि त्याला दोन मिनिटं कुणी मधे बोलणार नाही याची जबाबदारी अँकरनं घ्यावी. आठवड्याला अर्धा तास आमच्या आठ जिल्ह्यांना द्या. त्यात ज्यानं बातमी केली त्याचं नाव पट्टीवर चालवा. एवढं झालं की मग आमच्या पीटूसीत जो पाहिजे तो अर्णब शोधा.

हे जमायला वेळ लागेल, मला कल्पना आहे. एक गोष्ट मात्र थांबू शकत नाही. वाळूच्या प्रकरणातल्या त्या मुलाची कोर्टात तारीख आहे. त्याच्या वकिलांना लेटरहेडवर एका ओळीचं पत्र पाहिजे : घटनेच्या दिवशी हा आमच्या वाहिनीसाठी वार्तांकन करत होता. क्लिप तुम्ही दाखवलेली आहे, तारखेसकट तुमच्या सर्व्हरवर आहे, तेव्हा खोटं काही लिहायचं नाही. ते पत्र तुमच्यापैकी कोणत्या साहेबांनी द्यायचं हे त्यांना स्वतःला ठाऊक आहे. तारखेच्या आधी पाठवावं. मेल चालेल, मूळ प्रत कुरिअरनं. कुरिअरचे पैसे या वेळी आम्ही सगळे मिळून भरू.

कळावे,
आपला,
लातूर जिल्ह्यातला एक स्ट्रिंगर